विमानाच्या सामानात काय चालत नाही, आणि कुठल्या बॅगेत चालत नाही

पाऊलवाट

विमानात काय नेता येत नाही याच्या याद्या ढिगाने फिरतात. त्या वाचून माणूस आणखीच गोंधळतो, कारण त्यांत दोनच रकाने असतात: चालतं आणि चालत नाही. प्रत्यक्षात चाकू केबिनमध्ये चालत नाही, पण चेक-इन बॅगेत चालतो. पॉवरबँकेचं नेमकं उलट आहे. त्यामुळे यादी पाठ करून भागत नाही. वस्तू कशासाठी अडवतात ते कळायला हवं.

ज्यांना या नियमांची पक्की माहिती आहे त्यांनी कारणांसकट लिहावं. नेहमी अडणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात करू: पॉवरबँक, ड्रिलची बॅटरी, डिओचा डबा, लायटर, पाऱ्याचा थर्मामीटर, कॅम्पिंगचा स्टोव्ह, दारू. आणि मुख्य प्रश्न असा, की यादीत नसलेली एखादी वस्तू समोर आली तर ठरवायचं कसं?

ध्रुवतारा

गोंधळाचं मूळ हे, की इथे दोन वेगवेगळे नियमसंच एकत्र येतात आणि प्रवाशाला ते एकच वाटतात.

पहिला सुरक्षा तपासणीचा. वस्तू हातात असताना कुणाला इजा करता येईल का, कुणाला धाक दाखवता येईल का, हा त्याचा प्रश्न. चाकू, कात्री, हातोडी, बॅट, खेळण्यातली पण खरी दिसणारी बंदूक हे सगळं त्यात येतं. यातलं बहुतेक सामान चेक-इनमध्ये बिनधास्त जातं, कारण उड्डाणात तिथे कुणाचा हात पोचत नाही.

दुसरा धोकादायक मालाचा. वस्तू आपणहून पेटेल का, फुटेल का, गळेल का, वायू सोडेल का, हा त्याचा प्रश्न. इथे प्रवाशाच्या हेतूचा संबंधच नाही. बॅटरी, गॅस, तेजाब, रंगाचं थिनर, फटाके या बाजूला.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, कराराला परिशिष्टं आहेत. त्यातलं १७वं पहिल्या प्रश्नाचं आणि १८वं दुसऱ्याचं. १८व्यासोबतच्या तांत्रिक सूचना दर दोन वर्षांनी सुधारतात. विमान कंपन्यांची संघटना आयाटा त्यावरून दरवर्षी आपलं नियमपुस्तक काढते आणि काउंटरवरचे लोक तेच बघतात. त्यावर देशाचे नियम आणि त्यावर कंपनीचे. यांत फरक पडला तर सगळ्यात कडक असेल तो लागू.

वजनकाटा

ध्रुवतारा यांनी पाया घातलाच आहे, आता बॅटरीचं गणित.

लिथियम-आयन बॅटरीसाठी बघायचा तो आकडा वॉट-अवर. एमएएच (मिली-अँपिअर-अवर, म्हणजे अँपिअर-अवरचा हजारावा भाग) नव्हे. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर.

१०० वॉट-अवरपर्यंत: परवानगी लागत नाही.
१०० ते १६०: विमान कंपनीची आधी परवानगी, आणि सुट्या बॅटऱ्या जास्तीत जास्त दोन.
१६० च्या वर: प्रवाशाच्या सामानात बंदी, ना वर ना खाली. अपवाद विजेच्या व्हीलचेअरचा, त्याचे नियम वेगळे.

सुटी बॅटरी कायम केबिनमध्येच. पॉवरबँक नियमाच्या दृष्टीने सुटी बॅटरीच, कारण ती कुठल्या उपकरणात बसवलेली नाही.

उदाहरणं:
२०,००० एमएएच पॉवरबँक × ३.७ व्होल्ट = ७४ वॉट-अवर, चालते.
२६,८०० × ३.७ = ९९ च्या आसपास. बाजारात नेमका हा आकडा इतका दिसतो तो शंभराच्या आत राहण्यासाठीच.
३०,००० × ३.७ = १११, परवानगी घ्या.
५०,००० × ३.७ = १८५, घरीच ठेवा.
ड्रिलची १८ व्होल्ट ५ अँपिअर-अवर बॅटरी = ९०, चालते. त्याच ड्रिलची ६ अँपिअर-अवरची = १०८, परवानगी.
विजेच्या सायकलची ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर = ३६०, प्रश्नच नाही.

शंकेखोर

पॉवरबँकेतून ५ व्होल्ट बाहेर पडतात ना? मग २०,००० ला ५ ने गुणायला नको का? तसं केलं तर नेमके १०० होतात.

वजनकाटा

नको. २०,००० हा आकडा आतल्या सेलचा आहे आणि सेल ३.७ व्होल्टचा. ५ व्होल्ट हे आतल्या सर्किटने वाढवून दिलेले. व्होल्ट वाढले की तेवढ्याच ऊर्जेतले एमएएच कमी होतात. ७४ भागिले ५ म्हणजे १४.८ अँपिअर-अवर, त्यातून सर्किटमधली घट वजा जाता साधारण साडेबारा हजार एमएएच उरतात. म्हणूनच लेबलवर बारीक अक्षरात दुसरा, लहान आकडा ५ व्होल्टसमोर छापलेला असतो. दोन्ही आकड्यांची सरमिसळ करू नका.

ड्रिलच्या बॅटरीवर कधी '२० व्होल्ट मॅक्स' असतं. तो पूर्ण चार्ज असतानाचा आकडा. त्याच पाच सेलचा नेहमीचा आकडा १८. वॉट-अवर छापलेले असतील तर तेच धरा. आणि लेबल पुसलं गेलं असेल तर बॅटरी अडवली जाण्याची तयारी ठेवा, कारण तपासणाऱ्याकडे क्षमता मोजायचं साधन नसतं. तो फक्त वाचू शकतो.

कातरवेळ

मला एक पटत नाही. बॅटरी पेटू शकते म्हणून धोकादायक, आणि तीच माणसांच्या डोक्याशी ठेवायची? खाली सामानात आग विझवायची यंत्रणा असतेच की.

ठिणगी

कातरवेळ, रास्त प्रश्न. उत्तर बॅटरीच्या आतल्या घडामोडीत आहे.

सेलमध्ये दोन इलेक्ट्रोडांमध्ये प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा असतो. दाब, पडणं, उत्पादनातली चूक किंवा जादा चार्जिंग यांमुळे तो फाटला, की आतल्या आत शॉर्ट होतो. त्या उष्णतेने पडदा आणखी वितळतो, रासायनिक क्रिया सुरू होतात, त्यांतून आणखी उष्णता. याला थर्मल रनअवे म्हणतात. आतलं द्रावण स्वतःच ज्वालाग्राही, आणि तापलेल्या धन इलेक्ट्रोडमधून बऱ्याच प्रकारांत ऑक्सिजनही सुटतो. एक सेल गेला की शेजारचा तापतो.

सामानाच्या कप्प्यात हॅलॉन वायू सोडतात. हॅलॉन ज्वाळा विझवतो, पण थंड करत नाही. सेल आतून तापतच राहतो आणि पुढचा सेल पेटतो. थांबवायचं तर उष्णता काढून घ्यायला हवी, त्याला पाणी लागतं, आणि पाणी ओतायला माणूस लागतो. केबिनमध्ये धूर दिसल्या दिसल्या कुणीतरी ओरडतं. आधी अग्निशामकाने ज्वाळा, मग भरपूर पाणी किंवा दारू नसलेलं कुठलंही पेय. बर्फ ठेवायचा नाही, वर पांघरूणही टाकायचं नाही. दोन्हींमुळे उष्णता कोंडते.

आणि हे फक्त कागदावर नाही. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, २०१७ मध्ये भरलेल्या सूटकेसमध्ये लॅपटॉपची बॅटरी मुद्दाम तापवून चाचण्या केल्या. एका चाचणीत शेजारी ८ औंसांचा ड्राय शाम्पूचा स्प्रे होता. आग जवळजवळ लगेच लागली आणि ४० सेकंदांच्या आत डबा फुटला. असा स्फोट कप्प्याचं आवरण उचकटू शकतो. मग हॅलॉन टिकत नाही आणि आग मोकळी होते.

कातरवेळ

पटलं. पण मग लॅपटॉप चेक-इनमध्ये का चालतो?

ठिणगी

उपकरणात बसवलेली बॅटरी खोक्यात सुरक्षित असते, तिची टोकं उघडी नसतात, म्हणून सवलत. अटी मात्र आहेत: पूर्ण बंद हवा, स्लीपमध्ये नव्हे, चुकून सुरू होणार नाही असा ठेवायचा, आणि दबणार नाही असा गुंडाळायचा. स्लीपमधला लॅपटॉप कपड्यांत जागा झाला तर पंख्याला हवा मिळत नाही. वर न्यायची शिफारसच सगळीकडे आहे. फुगलेली, कंपनीने परत मागवलेली किंवा ओली झालेली बॅटरी तर कुठल्याच बॅगेत नाही. सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ वर ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत विमानबंदी आली ती याच न्यायाने.

रानवारा

सुट्या बॅटरीची टोकं झाकणं हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. कॅमेऱ्याची बॅटरी, किल्ल्या आणि नाणी एकाच कप्प्यात टाकली की एखादं नाणं दोन पट्ट्यांवर आडवं बसतं आणि शॉर्ट होतो. नाणं तापायला फार वेळ लागत नाही.

बॅटरीसोबत आलेली प्लास्टिकची टोपी असेल तर ती लावा. नसेल तर धातूच्या पट्ट्यांवर इन्सुलेशन टेपचा तुकडा, दोन्ही बाजूंनी बोटभर जास्त, म्हणजे घासून निघणार नाही. त्यानंतर प्रत्येक बॅटरी वेगळ्या छोट्या पिशवीत. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला शेजारी शेजारी असतात, तिला टेप हवाच.

पाऊलवाट

रानवारा, उपयोगी. पॉवरबँक विमानात वापरावी का, यावर एकवाक्यता दिसत नाही.

ध्रुवतारा

हे कंपनीगणिक बदलतं आणि अलीकडे कडक होत चाललंय. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियातल्या गिम्हे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच आतून पेटलं. संशय डोक्यावरच्या कप्प्यातल्या पॉवरबँकेवर गेला. त्यानंतर १ मार्च २०२५ पासून कोरियात ती वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई झाली. जवळ किंवा समोरच्या सीटच्या खिशात ठेवायची. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल २०२५ पासून, तर एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरणं बंद केलं. एमिरेट्सवर तर एकच, १०० वॉट-अवरच्या आतली. निघण्याआधी आपल्या कंपनीचं पान बघाच. आणि पूर्ण प्रवासात एकापेक्षा जास्त कंपन्या असतील तर प्रत्येकीचं.

सामानसुमान

सगळे 'केबिनमध्ये ठेवा' म्हणताहेत, पण चूक होते ती गेटवर. विमान भरलेलं असतं, वरचे कप्पे संपतात आणि कर्मचारी म्हणतात, तुमची केबिन बॅग खाली पाठवतो. त्या क्षणी ती चेक-इन बॅग झाली! आत पॉवरबँक, सुट्या बॅटऱ्या, ई-सिगारेट असेल तर टॅग लावायच्या आधी काढून जवळ घ्यायला हव्यात. रांगेत, घाईत, बॅग उपसून ते होत नाही.

म्हणून हे सगळं सुरुवातीपासूनच एका छोट्या थैलीत, बॅगेच्या अगदी वरच्या खिशात. गेटवर बॅग मागितली की थैली उचलायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. औषधं आणि पासपोर्टही त्यातच बरे.

स्मार्ट सूटकेसलाही हेच. बॅटरी काढता येत नसेल आणि ती २.७ वॉट-अवरहून मोठी असेल तर बॅग खाली जाणार नाही. काढता येत असेल तर बॅटरी वर, बॅग खाली. विकत घेतानाच स्क्रू न लागता निघते का ते पाहा.

निळाई

+१. गेटचा मुद्दा सगळ्यांनी वाचावा.

अत्तरदाणी

आता द्रव आणि स्प्रे. इथे दोन मर्यादा एकमेकींत मिसळून लोक फसतात.

केबिनमधली १०० मिली ही सुरक्षा तपासणीची. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला, त्यानंतर आली. बाटली १०० मिलीची हवी. २०० मिलीच्या बाटलीत तळाला ३० मिली उरलं असलं तरी ती जात नाही. सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. पेस्ट, जेल, क्रीम, मध, जॅम हे सगळं द्रवातच. लहान बाळाचं दूध आणि प्रवासात लागणारी औषधं यांना सूट, पण वेगळी काढून दाखवावी लागतात.

चेक-इनमध्ये १०० मिलीचा संबंध नाही. तिथे धोकादायक मालाची मर्यादा: प्रसाधनाच्या वस्तू आणि स्प्रे प्रत्येकी अर्धा लिटर किंवा अर्धा किलोपर्यंत, माणशी सगळं मिळून २ लिटर किंवा २ किलो. डिओ, हेअरस्प्रे, अत्तर, नेलपॉलिश सगळं या दोनात. डब्याचं बटण झाकणाने बंद हवं. झाकण हरवलेला डिओ कपड्यांच्या दाबाने फवारत राहतो आणि बॅगेत ज्वालाग्राही वाफ साठते.

स्प्रे-पेंट, गंज काढायचे ज्वालाग्राही स्प्रे, थिनर, ऑइलपेंट, लायटरचं इंधन: कुठेच नाही.

शंकेखोर

पण १०० मिली आता उठली ना? नव्या स्कॅनरमधून मोठ्या बाटल्या जातात असं वाचलंय.

अत्तरदाणी

काही विमानतळांवर, काही मशीनवर. नवे स्कॅनर सीटी पद्धतीचे. बॅगेची त्रिमिती प्रतिमा दिसते आणि द्रवाचा अंदाज घेता येतो. पण युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२४ ला तशा मशीनवरही १०० मिली परत आणली होती, पुढे २०२५ मध्ये काही मशीनना मान्यता दिली. निघताना मोठी बाटली सुटली, तरी मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी झाली तर तिथला नियम. परतीचा विमानतळही वेगळाच. सगळीकडे चालेल असं सामान भरायचं तर १०० मिलीच धरा.

ठिणगी

दारूचे आकडे देतो. २४ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल: धोकादायक मालाचं बंधन नाही. २४ च्या वर ते ७० टक्के: माणशी ५ लिटर, मूळ सीलबंद पॅकिंगमध्ये. ७० च्या वर: बंदी. केबिनमध्ये १०० मिली वेगळी लागतेच. ड्यूटी-फ्रीची बाटली सीलबंद पिशवीत पावतीसकट असते. शेवटच्या विमानतळापर्यंत ती पिशवी फोडायची नाही.

लायटर: एकच, आणि तो खिशात. केबिन बॅगेतही नाही, चेक-इनमध्येही नाही. निळ्या झोताचा लायटर कुठेच नाही. काडेपेटीही छोटी, एक, खिशातच, आणि फक्त पेटीवरच घासून पेटणाऱ्या काड्यांची. काही देशांत सुरक्षा तपासणी लायटर अजिबात सोडत नाही, तिथे तोच नियम.

कोरडा बर्फ: माणशी २.५ किलो, कंपनीच्या परवानगीने, आणि डब्यातून वायू बाहेर पडायला वाट हवी. एक किलो कोरड्या बर्फातून पाचशे लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. घट्ट झाकणाच्या थर्मासमध्ये भरला तर थर्मास फुटतो.

धातुविद

पाऱ्याबद्दल कुणी लिहिलं नाही, तेवढी भर घालतो.

अॅल्युमिनियम गंजत नाही असं वाटतं, कारण त्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो. पारा तो थर सहज भेदत नाही. पण ओरखडा असेल तिथे तो धातूत शिरतो आणि पारदमिश्रण होतं. त्यावर ऑक्साइडचा थर धरत नाही, त्यामुळे अॅल्युमिनियम हवेतल्या ओलाव्याशी आणि ऑक्सिजनशी क्रिया करत राहतं. ओरखड्यातून पांढरे, पिसासारखे तंतू उगवलेले डोळ्यांनी दिसतात. ते झटकले तरी पारा तसाच शिल्लक, तो पुढचा धातू खात जातो. विमानाचा सांगाडा बहुतांशी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा. सांडलेला थेंब फटीत गेला तर शोधायला फरशी उचकटावी लागते.

म्हणून वैद्यकीय पाऱ्याचा थर्मामीटर माणशी एकच, संरक्षक डबीत, आणि फक्त चेक-इनमध्ये. सोपा उपाय: डिजिटल न्या. विज्ञानाचे प्रयोग आवडणाऱ्यांनी गॅलियमही नेऊ नये. ते ३० अंशांच्या जरा आधीच वितळतं आणि अॅल्युमिनियमच्या कणांमधल्या सीमांत शिरून त्याला ठिसूळ करतं.

रानवारा

कॅम्पिंगचा स्टोव्ह राहिला. गॅसचा डबा कुठेच नाही, अर्धा वापरलेलाही नाही. द्रव इंधनाचा स्टोव्ह कंपनीची परवानगी घेऊन चेक-इनमध्ये जातो, पण असा: टाकी पूर्ण ओतून किमान एक तास निथळू द्यायची, मग झाकण न लावता किमान सहा तास उघडी ठेवायची म्हणजे उरलेलं उडून जातं. मग झाकण, शोषून घेणाऱ्या कागदात गुंडाळी, प्लास्टिकची पिशवी, तोंड बांधलेलं. हे आदल्या दिवशीचं काम आहे. वास आला तर काउंटरवर परत देतात, आणि ते बरोबरच आहे. वास म्हणजे वाफ.

कातरवेळ

मिरचीचा स्प्रे? काही ठिकाणी चेक-इनमध्ये चालतो असं लिहिलंय, काही ठिकाणी साफ बंदी.

ध्रुवतारा

दोन्ही खरं. आयाटाच्या तक्त्यात माणसाला अगतिक करणारे स्प्रे दोन्ही बॅगांत वर्ज्य. अमेरिकेचा नियम ४ औंसांचा एक डबा, चुकून दबणार नाही अशा खटक्यासह, चेक-इनमध्ये सोडतो. पण तिथल्या कंपन्यांनी स्वतःहून बंदी घातली असेल तर कंपनीचं चालतं. आधी म्हटलं तसं, कडक असेल ते. माझं मत स्पष्ट आहे: नेऊच नये. दाबाखालचा डबा गळला तर डोळे चुरचुरणारे शंभर लोक बंद जागेत असतात.

धारदार वस्तूंतही देशांचा फरक आहे. युरोपात ६ सेंटिमीटरपर्यंतचं पातं केबिनमध्ये चालतं, अमेरिकेत चाकू कितीही छोटा असो, नाही. कात्री मात्र खिळ्यापासून ४ इंचांच्या आत असेल तर जाते. चेक-इनमध्ये ठेवताना पात्याला म्यान किंवा जाड पुठ्ठा हवा. बॅग उघडून तपासणाऱ्याचा हात आत जातो.

पाऊलवाट

आता मूळ प्रश्नाकडे. यादीत नसलेली वस्तू कशी ठरवायची?

ठिणगी

ध्रुवतारांचेच दोन प्रश्न क्रमाने, पण धोकादायक मालाचा आधी. आत काय आहे ते बघा: बॅटरी, दाबाखालचा वायू, पेटणारं द्रव, तेजाब, ऑक्सिडायझर, चुंबक. डब्यावर हिऱ्याच्या आकारातलं धोक्याचं चिन्ह असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय भरू नका. ज्वाळेच्या, फुटणाऱ्या बॉम्बच्या आणि वर्तुळावर ज्वाळेच्या चित्राचा अर्थ बहुधा 'नाही' असाच निघतो.

ऑक्सिडायझर लोकांना निरुपद्रवी वाटतात. पोहण्याच्या तलावाची क्लोरीनची पावडर, हायड्रोजन पेरॉक्साइड, ब्लीच. स्वतः पेटत नाहीत, पण आगीला ऑक्सिजन पुरवतात. ११ मे १९९६ ला व्हॅल्युजेटचं डीसी-९ फ्लोरिडात पडलं आणि ११० माणसं गेली. सामानाच्या कप्प्यात मुदत संपलेले रासायनिक ऑक्सिजन जनरेटर होते, सुरक्षेच्या टोप्या न लावता भरलेले. तो कप्पा हवाबंद होता आणि बाहेरून हवा न मिळाल्याने आग आपोआप विझेल असं धरलेलं होतं. ऑक्सिजन आतूनच मिळाला.

यातलं काही नसेल तरच दुसरा प्रश्न: हातात असताना इजा करता येईल का? हो तर खाली, नाही तर कुठेही. फक्त द्रव असेल तर केबिनमध्ये १०० मिली लागतेच.

निळाई

एक शेवटचा. सामान शोधायचा छोटा ट्रॅकर चेक-इन बॅगेत सुरूच असतो. त्यात लिथियम सेल आहे. मग?

वजनकाटा

त्यातला बटण सेल लिथियम-धातूचा, त्यामुळे वॉट-अवर नाही, ग्रॅम मोजतात. सीआर२०३२ मध्ये लिथियम साधारण ०.१ ग्रॅम. सामानात सुरू राहणाऱ्या अशा उपकरणाची मर्यादा ०.३ ग्रॅम. चालतो, बंद करू नका. त्याचे सुटे बटण सेल मात्र मूळ पाकिटात, आणि केबिनमध्येच.